पंखा बंद करणाऱ्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, नात वाचून दाखवेल. ते बरंच आहे. ऐकण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही.

मे महिन्यात कूलरची मोटार जळाली म्हणून मी मल्हारगंजात तुमच्या वाइंडिंगच्या दुकानात आले. तुम्ही मोटार नाकाशी नेलीत, "कॉइल गेली" म्हणालात आणि पावती लिहिताना नाव विचारून वर बघितलंत. आता तेच येणार, असं मला वाटलं. चार वर्षं झाली, माझं नाव ऐकलं की इंदूरकर एकच बोलतात, "अरे, त्या भुट्ट्याच्या कीसवाल्या!" सराफ्यावरचं, रात्रीच्या त्या खाऊगल्लीवरचं आणि तिथल्या मक्याच्या किसावरचं ते गाणं माझ्या पहिल्या अल्बममधलं. पेटीच्या काळी पाचमध्ये, म्हणजे उंच पट्टीत, टाळ्यांच्या ठेक्यावर, तीन मिनिटांच्या आत संपणारं. लग्नाच्या संगीतात वाजतं, गणपतीत वाजतं, एकदा बारशालाही वाजलेलं ऐकलंय. तुम्ही त्याचं नाव काढलं नाही. म्हणालात, "नवीन गाण्यांचे तुकडे नातीच्या फोनवर ऐकले. बेटा, पूर्ण कधी ऐकवतेस?"

हा 'पूर्ण' शब्द मी तोवर कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

पहिल्या अल्बमनंतर मिळेल त्या मंडपात, मिळेल त्या माईकवर ताणून गायले आणि स्वरतंतूंवर गाठी आणल्या. आधी मौन, मग कित्येक महिने आवाजाचे व्यायाम. आवाज परत आला तो पांढरी चारवर उतरून. गाणीही त्याच्याबरोबर उतरली, संथ झाली. दुसऱ्या अल्बममध्ये आठ गाणी, ४१ मिनिटं. तीन वर्षं त्यात गेली.

अल्बम आला त्या रात्री गाण्यातल्याच काही मित्रांना पाठवला. चार मिनिटांत अंगठे आले. ४१ मिनिटांचं काम चार मिनिटांत आवडलं! एकाने प्रेमाने सल्लाही दिला: अ‍ॅपवर तीस सेकंद ऐकलं तरच ते ऐकलं म्हणून मोजतात, तुझ्या पहिल्या गाण्यात चाळीस सेकंद नुसता तानपुरा आहे, लोक पळतील. मग मी न गाताच मोजले जाते, फायदाच की, असं म्हणाले तर तो हसला नाही. एका आयोजकांनी कार्यक्रमाला बोलावलं आणि वर बजावलं, "नवीन एखादंच घ्या, चवीपुरतं." ज्यांच्या घरी माझं जाणं-येणं आहे अशा एक बाई तर थेट आईला म्हणाल्या, "आवाज बसला हो तिचा."

अनोळखी लोक निदान खरं बोलले. चौथ्या गाण्यावर बाळ झोपतं, थँक यू ताई, असं एकीने लिहिलं. त्याच गाण्याबद्दल दुसऱ्याने लिहिलं, झोप आली, पैसे परत. (पैसे दिले कधी होते भिया?) एकाला शब्द जड वाटले, एकीने त्यातलंच एक कडवं वहीत उतरवून फोटो पाठवला. कोणाचं धरायचं ते कळेना, म्हणून मी वाईट तेवढं धरलं. चांगलं बोलणारे भिडेखातर बोलतात आणि वाईट बोलणारे जाणकार असतात, असा माझा तेव्हा पक्का समज होता.

अशात तो रविवार. शटर अर्धं ओढलेलं, भिंतीवर तारांची वेटोळी, स्टुलावर तुमचा जुना अ‍ॅम्प्लिफायर. माझा फोन त्याला जोडलात. तानपुरा सुरू होऊन दहाएक सेकंद झाली असतील, तुम्ही उठलात आणि पंखा बंद केलात.

काका, बाहेर मे महिन्याची दुपार होती. दुकानाला खिडकी नाही. मला वाटलं वीज गेली. तुम्ही खुर्चीत परत टेकलात, डोळे मिटलेत आणि हळूच म्हणालात, "तुझ्या तानपुऱ्याला खातोय." मग शेवटच्या गाण्यापर्यंत एक अक्षर नाही. घाम कपाळावरून नाकावर, नाकावरून सदऱ्यावर. पुसायलासुद्धा हललात नाहीत. मध्ये एक पोरगा पाण्याची मोटार घेऊन शटरखालून वाकला, तुम्ही नुसतं बोट वर केलंत. तो पायरीवर बसला आणि तोही ऐकत राहिला.

नंतर कारण सांगितलंत. घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास सायकलची, त्यामुळे पंख्याची मोटार तिच्या दुपटीने, शंभरावर गुणगुणते. माझा षड्ज, म्हणजे सा, पांढरी चारचा. ती गुणगुण त्याच्या खर्जाच्या, खालच्या सा च्या, जरा वर, रिषभाच्या म्हणजे रे च्या आसपास घोटाळत राहते. "काळी पाचवाल्या गाण्यात ती मला कधी टोचली नाही," म्हणालात, "तिथे एवढा गोंगाट आहे की पंखा काय, पंप लावला तरी चालेल." जन्मभर पंखे दुरुस्त केलेला माणूस माझ्यासाठी पंखा बंद करून बसला होता. मला हुंदका आला तो लपवायला मी फोनची वायर काढत बसले.

तुम्ही कौतुक केलं म्हणून लिहीत नाहीये. तिसरं गाणं तुम्हाला आवडलं नाही. "शब्द चांगले, पण ते तू आधीच्या लोकांसाठी गातेयस, ते नाराज होऊ नयेत म्हणून." सातवं फार लवकर संपतं म्हणालात. आणि मी चाचरत आवाजाचं विचारलं तेव्हा म्हणालात, "बसलाय ना. षड्जावर बसलाय."

मग अमीर खाँसाहेबांचा किस्सा सांगितलात. आपल्या इंदूरचे ख्यालगायक खाँसाहेब १९३६ च्या सुमारास मिर्झापूरच्या परिषदेत गायला बसले, पंधराएक मिनिटांत लोकांनी हुर्यो उडवली. आयोजक म्हणाले ठुमरी घ्या, त्यांनी घेतली नाही. पुढे त्याच संथ विलंबितासाठी लोक रात्र रात्र बसले. हे सांगून लगेच डोळे वटारलेत, "तू काही अमीर खाँ नाहीस. पण ठुमरी मागणारे तेव्हाही होते, एवढंच." तुम्ही माझी समजूत घालत नव्हता, म्हणून तर ती पटली.

आपल्या गावात असं पुष्कळ चालतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. सराफ्यात दिवसभर सोनं तोललं जातं आणि रात्री त्याच बंद दुकानांच्या ओट्यांपुढे गराडूचे कंद तळले जातात. दुसऱ्यासाठी चार फूट जागा सोडायची, जरा उकडलं तर उकडू द्यायचं. माझ्या हिट गाण्यात मी त्या गल्लीतल्या चवी सगळ्या मोजल्या, ओट्यांचं नाव काढायचं मात्र राहूनच गेलं.

मोटारीच्या वाइंडिंगचे पैसे तुम्ही पुरते घेतलेत, एक रुपया सोडला नाहीत, तेही आवडलं. सोडले असतेत तर मला शंका आली असती.

पुढच्या कार्यक्रमात आठपैकी सात गाणी गातेय, ओळीने. तिसरं काढलंय. कीस शेवटी घेईन, त्याच्याशी माझं वैर नाही. आयोजकांना सांगितलंय, पहिल्या गाण्याला हॉलमधले पंखे बंद. ते अजून हो म्हणालेले नाहीत.

कूलर छान चालतोय. पण रात्री गुणगुणतो जरा. कोणत्या सुरात, ते मला नीट लागत नाहीये. एकदा येऊन ऐकाल का?

तुमची,
पांढरी चारवाली