तो कल्पवृक्ष नव्हे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला आमच्या भागावरचा लेख वाचला. काल दिवसभर राग गिळून बसलो, आज लिहितो. लेखिकाबाईंना नाचणीची भाकरी आवडली, हवा आवडली, मच्छर आवडले नाहीत. ठीक आहे, आम्हालाही आवडत नाहीत.

माझं भांडण तिथल्या मोठ्या रंगीत फोटोशी आहे. त्याखाली तुम्ही छापलंय, 'लग्नचौकाच्या मध्यभागी असलेला कल्पवृक्ष हे वारली समाजात समृद्धीचे प्रतीक मानले जाते.' संपादक महोदय, तो कल्पवृक्ष नाही. फोटो ज्या रिसॉर्टमधला आहे, त्याचं ते बोधचिन्ह आहे. बिलावर, टॉवेलवर, गेटवरच्या पाटीवर तोच माड आहे. नीट पाहिलंत तर बुंध्याशी आरामखुर्चीही दिसेल. आमच्या पूर्वजांकडे आरामखुर्च्या नव्हत्या.

लग्नचौक म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र. तो चौक माझ्या मामीने काढलेला आहे, म्हणून मला ठाऊक. दोन वर्षांपूर्वी मॅनेजर घरी आला. "मौसी, डायनिंग हॉल में शादीवाला डिझाइन चाहिए." मामीने विचारलं, लग्न कुणाचं? तर कुणाचंच नाही, पाहुण्यांना नवरा-नवरी करून त्यापुढे फोटो काढायचे होते. आमच्यात चौक सुवासिनींनी काढायचा, धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईने, गाणी म्हणायची आणि घरात खरोखरचं लग्न असायचं. पण मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर होतं. गेली.

तिला सोडायला मीच गेलो होतो. भिंतीला गेरूच्या रंगाचा ऑइलपेंट, हात फिरवला तर काचेसारखा. तांदळाचं पीठ त्यावर ठरेना, ओघळ थेट फरशीपर्यंत. शेवटी डब्यातला पांढरा रंग आणला. तिने किनार काढली, सूर्य-चंद्र, फणी, शिडी, झाडं, सगळं काढलं आणि मधली जागा मोकळी ठेवून हात धुतले. "बीच में खाली क्यूं?" मॅनेजर म्हणाला. मामी म्हणाली, "ती पालघटची जागा. लग्नच नाही, तर देवी येईल कशाला?" त्याला किती कळलं कोण जाणे. संध्याकाळी पाट्या रंगवणारा पोरगा आला आणि देवीच्या जागी माड उभा राहिला.

चित्रं विकायला माझा विरोध नाही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी बायकांच्या हातची ही कला कागदावर आणली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि तालुक्यातल्या कित्येक चुली त्यामुळे पेटल्या. कागदावर पालघटही काढतात, विकतात. पण तिच्यापुढे भाड्याचं बाशिंग बांधून कुणी बसत नाही. २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं. नक्कल करणाऱ्याला त्याने अडवता येत असेल, माड काढणाऱ्याला कोण अडवणार?

तारप्याचंही तेच. भात कापून झालं की वाजायचं हे वाद्य. तिथे ते भर मे महिन्यातही रात्री आठला वाजतं, बुफेची झाकणं उघडली की. नाचताना तारपकऱ्याला पाठ दाखवायची नसते, अख्खा फेर त्याच्या मागे फिरतो. तुमच्या दुसऱ्या फोटोत बाई त्याच्याकडे पाठ करून सेल्फी घेताहेत. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगू शकला असता त्याच्या तोंडात तारपा होता.

आता लिहितोच आहे तर आणखी एक. रात्रीची एस.टी. बंद झाली, त्यावर गेल्या पावसाळ्यात मी पत्र पाठवलं होतं. ते छापताना तुम्ही माझ्या 'आय'ची 'आई' केलीत आणि पाड्याचं 'खेडेगाव'. व्याकरण सुधारलंत, आभारी आहे. गाडी अजून बंदच आहे. रिसॉर्टपर्यंतचा रस्ता मात्र डांबरी झाला.

चौकाबद्दल दोन ओळींची दुरुस्ती छापावी, तीही पुरवणीतच, आतल्या पानावर कोपऱ्यात नको. माझं नाव मात्र छापू नये. मामीचा धाकटा त्याच डायनिंग हॉलमध्ये वाढायला असतो.

आपला,
एक जुना वाचक
ता. डहाणू, जि. पालघर