जावईबापू, सगळ्यात खराब पान मागितल्याबद्दल आभार

श्री. जावईबापू यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. तुम्हीच तसं बजावलंय, आणि आमच्या पेठेत तुम्हाला त्या नावानं ओळखतंय तरी कोण? सासरेबुवा एकाच घरचे असले तरी जावईबापू तुम्ही आख्ख्या आळीचे. कार्यकारिणीला खरं तर ठराव करून शाल-श्रीफळ द्यायचं होतं. मीच म्हटलं, शाल ते घेणार नाहीत, पत्र लिहू. आणि उघड लिहू. वाचनालयाला ज्यांनी टोलवलं, त्यांची नावं मोठमोठ्या फलकांवर झळकतात. ज्यानं काम केलं त्याचे आभार मात्र पाकिटात घालून का पाठवायचे?

जुन्या मासिकांचं आणि बांधीव खंडांचं स्कॅनिंग झालं की आपण जिंकलो, असा आमचा सगळ्यांचा समज होता. देणगीदारांनी मशीन दिलं, गावातल्या पोरांनी सुट्टीत बसून पानं स्कॅन केली, हजारोंच्या संख्येनं. गाडी अडली ती नंतर. ए-फोर आकाराचं पान 300 डीपीआयनं, म्हणजे इंचाला 300 ठिपके या हिशेबानं, रंगीत स्कॅन केलं की 2480 गुणिले 3508 पिक्सेल होतात, आणि फाइल लहान न करता, म्हणजे न दाबता, ठेवलं तर एकेक पान 26 एमबीच्या घरात जातं. जेपेग प्रकारात दाबलं तरी दोन-चार एमबी उरतातच. गावातलं इंटरनेट खाली उतरवायला बरं, वर चढवायला रडतराऊत. पानं वाचनालयाच्या वेबसाइटवर चढवायला लावायची, पट्टी हळूहळू सरकत शंभर टक्क्यांवर यायची आणि मग लाल अक्षरात एरर. मध्येच वीज गेली तर आख्खा गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून. पोरं कंटाळली. त्यांना दोष देत नाही.

ज्यांना दोष द्यायचा त्यांच्याकडे येतो. शहरातल्या एका कंपनीनं सांगितलं, सर्व्हर लहान पडतोय, मोठा घ्या. घेतला. एरर तीच राहिली, बिल तेवढं वाढलं. दुसरी मंडळी आली ती टाय लावून. ‘ऑप्टिमाइझ करून देतो’ म्हणाली आणि नमुना म्हणून एक मुखपृष्ठ दाखवलं. सरस्वतीचं चित्र, वेलबुट्टी, ठसठशीत अक्षरं. सगळं कसं झळझळीत! आम्ही टाळ्या वाजवल्या. काम हातात आलं तेव्हा कळलं की आतल्या पानांचा कागद पांढराशुभ्र झालाय, अक्षरं काळीकुळकुळीत झालीत आणि निम्मे अनुस्वार गायब आहेत. ‘वंदन’चं ‘वदन’ झालेलं. त्यात ही छपाई 1962 च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची. त्या काळी अनुस्वार किती द्यायचे ते तुम्ही पाहिलंतच, ओळीओळीवर शिंतोडे. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, ‘सर, पण साइज कमी झाली ना?’ झाली होती. त्याबद्दल वाद नाही.

आणि मग दिवाळीत तुम्ही आलात. सासुरवाडीला आलेला जावई, भाऊबीज उरकून, फराळाचं ताट तसंच ठेवून वाचनालयाचा तो पडका जिना चढून माळ्यावर येतो हेच मुळात नवल. पण मला लिहायचंय ते पुढचं. तुम्ही लॅपटॉप पिशवीतून काढलासुद्धा नाहीत. खुर्ची ओढून बसलात आणि विचारलंत, ‘काका, तुमच्याकडचं सगळ्यात खराब पान कोणतं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या ग्रंथपालबाईंकडे होतं. इतकी वर्षं त्या तुटपुंज्या अनुदानावर हे दप्तर सांभाळतात, आणि आलेल्या एकाही तज्ज्ञानं त्यांना काही विचारलं नव्हतं. चहा तेवढा मागितला होता. बाई उठल्या, कपाटातून बासनात बांधलेला खंड काढला आणि न शोधता पान उघडलं. कसरीनं चाळण केलेलं. कोपऱ्यात ओलीचा तपकिरी डाग, मागच्या बाजूची शाई पुढं उमटलेली, शिवणीपाशी ओळी वाकलेल्या. तुमचा चेहरा काय खुलला हो! लोक लॉटरीचं तिकीट बघतात तसं तुम्ही त्या पानाकडे बघत होतात.

पुढं जे केलंत ते मी आजवर कुणा कॉम्प्युटरवाल्याला करताना पाहिलं नाही. त्या एका पानाच्या लहानमोठ्या आवृत्त्या तयार केल्यात, त्या बाईंच्याच फोनवर पाठवल्यात, वायफाय बंद करायला लावलंत आणि म्हणालात, ‘बाई, मोठ्यानं वाचा. जिथं अडखळाल तिथं थांबा.’ बाई खिडकीपाशी उभ्या राहून वाचू लागल्या. गुळाच्या बाजारभावाची कसलीशी हकीकत होती. पहिल्या आवृत्तीत दुसऱ्याच ओळीला थांबल्या. तुम्ही एका लग्नपत्रिकेच्या पाकिटावर टिपून घेतलंत. दुसरी आवृत्ती. पुन्हा तेच. मग एका ठिकाणी त्या म्हणाल्या, ‘हा अनुस्वार नाही, ही कसर आहे.’ तुम्ही खो खो हसलात, म्हणालात, ‘हेच मशीनला कळत नाही.’ शेवटी ज्या आवृत्तीत बाईंनी आख्खा परिच्छेद न थांबता वाचला, तीच ठरली. तिच्याहून हलकी केली तर त्या पुन्हा अडखळल्या, म्हणून नाही केलीत. आमच्या संग्रहाची गुणवत्ता बाईंच्या जिभेवर ठरली, आणि त्यावर तुम्ही एका शब्दानंही हुज्जत घातली नाहीत.

जाता जाता तुम्ही कारणही सांगितलंत, आणि ते माझ्यासारख्याला कळेल असं सांगितलंत. आधीच्या मंडळींनी पान निखळ काळं-पांढरं केलं, आणि वर डाग पुसणारी सोय चालू ठेवली. त्या सोयीच्या लेखी एकटा दुकटा काळा ठिपका म्हणजे घाण. आपला अनुस्वार नेमका तसाच दिसतो, मग तो पुसला जाणारच. तुम्ही करड्या छटा राहू दिल्यात. नुसता रंग काढला तरी न दाबलेलं पान 26 चं पावणेनऊ एमबीवर येतं, हा हिशेब मी नंतर घरी कागदावर करून पाहिला. बरोबर आहे! वजनाचं खरं कारण अक्षरं नव्हतीच म्हणे. जुन्या कागदाचे तंतू, डाग, पिवळेपणा, हे सगळं टिपून ठेवण्यात जागा जात होती.

जर्मनीतल्या डेव्हिड क्रिझेल यांची गोष्टही त्याच दिवशी ऐकली. 2013 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की झेरॉक्सची काही यंत्रं स्कॅन करताना 6 चा 8 करून टाकतात. फाइल लहान करायच्या नादात यंत्र सारखी दिसणारी अक्षरं एकच समजत होतं, आणि पान मात्र अगदी स्वच्छ दिसत होतं. ते ऐकून आमचे खजिनदार दचकले. जुने ताळेबंद त्यांनीच स्कॅन करून मूळ कागद रद्दीत द्यायचे ठरवले होते. आता देत नाहीत.

चढवण्याच्या कामाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते मला निम्मंच कळलंय. आपली वेबसाइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते ते वर्डप्रेस, आपण चित्र चढवलं की त्याच्या लहानमोठ्या बऱ्याच प्रती स्वतः पाडतं, आणि 2019 पासून 2560 पिक्सेलहून मोठं चित्र आलं तर त्याचीही एक छोटी आवृत्ती करतं. हे सगळं आपण आमच्या गरीब सर्व्हरकडून करून घेत होतो, तेही हजारो पानांसाठी एकदम. म्हणून तो मान टाकत होता. तुम्ही ते काम वाचनालयाच्याच जुन्या कॉम्प्युटरवर रात्री लावून दिलंत. त्यासाठी जे लिबव्हिप्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरलंत, ते 1990 च्या सुमारास युरोपात चित्रकारांच्या चित्रांचे रंग मोजण्याच्या प्रकल्पातून जन्मलं हे ऐकून बाई फार सुखावल्या. ते आख्खं पान एकदम न उचलता तुकड्या-तुकड्यानं घेतं, म्हणून आमचा म्हातारा संगणकही दमला नाही. तयार पानं सर्व्हरवर पाठवायला आरसिंक नावाचं दुसरं सॉफ्टवेअर. वीज गेली, परत आली, की जिथं राहिलं तिथून पुढं, गेलेलं पान पुन्हा पाठवत नाही. शिपाईमामांनाही आता जमतं. सकाळी झाडू मारायच्या आधी ते पडदा बघतात आणि ‘इतकी झाली’ म्हणून वहीत लिहितात.

हुशार माणसांचा तोटा नाही आपल्याकडे. पुण्यात एका इमारतीत पन्नास सापडतील. पण समोरच्याला ‘तुम्हाला नाही कळायचं’ न म्हणता काम करणारे किती? तुम्ही बाईंना बाई म्हणालात, मामांना मामा म्हणालात, मूळ फाइलींना हात लावण्याआधी त्या दोन वेगळ्या हार्डडिस्कवर उतरवल्यात आणि त्यातली एक वाचनालयाबाहेर ठेवायला लावलीत. पैशाचा विषय काढला तर म्हणालात, मला एखादा जुना दिवाळी अंक वाचायला द्या. नेलात, आणि टपालानं परतही पाठवलात, नीट पुठ्ठा लावून. वाचनालयाच्या सभासदांपैकी एवढं कोण करतं ते विचारू नका, यादी माझ्याकडे आहे.

आता कामाचं. शिळाछापाचे दोन खंड राहिलेत. बाई म्हणतात, त्यातली अक्षरं हातानं लिहिलेली असल्यानं ठरवलेली आवृत्ती तिथं चालत नाही, वाचताना ‘रु’ आणि ‘रू’ एकच दिसतात. खराब पान त्यांनी आधीच निवडून बाजूला ठेवलंय, आणि या वेळी त्याला कसरीबरोबर वाळवीही लागलेली आहे. फोनवर सांगता येण्यासारखं असेल तर रविवारी सकाळी करा. नसेल तर पाडव्याला या. मात्र सासूबाईंनी मला निरोप धाडलाय की जेवण झाल्याशिवाय माळ्याची किल्ली जावयाला द्यायची नाही, आणि त्यांच्या शब्दाबाहेर जायची माझी हिंमत नाही.

आपला,
कार्यवाह, सार्वजनिक वाचनालय