साठवणक्षमतेआधी कोळसा तपासा

संपादक महोदय,

औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून तो खणण्यास न परवडणाऱ्या खोल कोळशाच्या थरांत कायमचा कोंडावा, ही कल्पना नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानंतर आपल्याकडेही चर्चेत आहे. २,९२० मेगावॅटचे चंद्रपूर केंद्र वर्धा खोऱ्यातील कोळसापट्ट्यातच असल्याने विदर्भाचे नाव त्यात ओघाने येते. मात्र थराची जाडी आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकारातून काढलेल्या साठवणक्षमतेवर कोणी विसंबू नये, असे मला वाटते.

कोळशात हा वायू मुख्यतः अतिसूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो आणि तो किती चिकटेल हे कोळशाच्या घडणीवर ठरते. वेधनातून वर आलेला कोळशाचा गाभा हातात घेतला, तर चकचकीत आणि निस्तेज पट्टे एकाआड एक दिसतात. चकचकीत पट्टा बोटांनी दाबताच लहान चौकोनी ठोकळ्यांत सुटतो. अशा पट्ट्यात व्हिट्रिनाइट, म्हणजे वनस्पतींच्या लाकडी भागापासून बनलेला कोळशाचा घटक, अधिक असते आणि सहसा वायू धरण्याची ताकदही अधिक असते. उलट, राखेचा भाग जवळजवळ काहीच धरत नाही आणि ओलावा छिद्रांतील जागा आधीच अडवून बसतो. वर्धा खोऱ्यातील कोळशात राख आणि ओलावा या दोहोंचे प्रमाण बरेच असते. त्यामुळे वाळवून दळलेल्या नमुन्यावर मिळालेला आकडा जमिनीखालच्या ओल्या, अखंड थराला जसाच्या तसा लावता येत नाही.

याहून मोठी अडचण फुगण्याची आहे. कार्बन डायऑक्साइड शोषून घेताना कोळसा फुगतो, आणि ज्या बारीक भेगांतून वायूने आत शिरायचे त्याच आवळल्या जातात. जपानमधील युबारी येथे २००४ ते २००७ या काळात सुमारे ९०० मीटर खोलीवरील थरात हा प्रयोग झाला. तेथे वायू अपेक्षेपेक्षा फारच संथ शिरला. मध्येच नायट्रोजन सोडल्यावर वेग वाढला, पण पुन्हा कार्बन डायऑक्साइड सुरू करताच तो ओसरला. पोलंडमधील कानिऊव्ह येथे तर वायू सलग आत जावा म्हणून २००५ मध्ये थराला दाबाने तडे पाडावे लागले. अमेरिकेतील सॅन हुआन खोऱ्याचा कोळसा मुळातच चांगला पारगम्य, म्हणजे वायूला सहज वाट देणारा. १९९५ पासून चार विहिरींतून तेथे वायू सोडला गेला, तरी सुरुवातीला वेग घटलाच. खोल जावे तर वरच्या खडकाच्या भाराने भेगा आणखी मिटतात, आणि उथळ राहावे तर जुन्या खाणींची पोकळी व न बुजवलेली वेधनछिद्रे वायूला वर येण्याची वाट देतात. शिवाय आज खणण्यास न परवडणारा थर उद्या दर वाढल्यावर खणला गेला, तर कोंडलेला वायू पुन्हा हवेत येणार, हे वेगळेच.

म्हणून विदर्भातील कोणत्याही थराची निवड करण्यापूर्वी तेथील ओलावा कायम राखून केलेले शोषणमापन, फुगण्याचे प्रमाण आणि प्रत्यक्ष विहिरीतील पारगम्यतेची चाचणी यांचे निष्कर्ष लोकांसमोर ठेवावेत, तसेच परिसरातील जुन्या वेधनछिद्रांची नोंदही त्यांबरोबर जाहीर करावी, अशी संबंधित यंत्रणांना विनंती आहे.

आपला,
एक वाचक, नागपूर