पीओपीची मूर्ती नको, साचा मात्र हवाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या घरी कागदी लगद्याचा गणपती करण्याची कृती आपल्या पुरवणीत वाचली. उपक्रम चांगला, पण ‘सिलिकॉनचा साचा आणा, लगदा दाबून भरा, उन्हात वाळवा’ एवढ्यावर मुंबईत मूर्ती होत नाही. आषाढ-श्रावणात इथे ऊन मिळत नाही. शिवाय सिलिकॉन पाणी शोषत नाही. लगदा फक्त उघड्या बाजूने वाळतो आणि साच्याला टेकलेली बाजू, म्हणजे नेमके नाक-डोळे, ओलीच राहते. घाईने काढला तर सोंड साच्यात राहते, तसाच ठेवला तर बुरशी धरते. सिलिकॉन रेझिन किंवा मेण ओतायला उत्तम, लगद्याला नाही.

लगद्याला साचा लागतो तो प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनंतर पीओपी म्हटले की लोक दचकतात. विसर्जनाच्या मूर्तीबाबत ते योग्यच आहे. पण साचा कोणी समुद्रात सोडत नाही. तो माळ्यावर राहतो आणि नीट जपला तर बरीच वर्षे चालतो. त्याच्या अंगातली बारीक छिद्रे लगद्यातले पाणी ओढून घेतात, आणि आपल्या दमट हवेत नेमके तेच हवे असते.

प्लॅस्टर ताजे हवे. पावसाळ्यात उघड्या पिशवीत राहिलेले प्लॅस्टर हवेतला ओलावा धरते, गुठळ्या होतात आणि ते नीट धरत नाही. आधी वाटीभर भिजवून पाहावे. अर्ध्या तासातही नख रुतत असेल तर ते टाकून द्यावे. प्रमाण वजनावर घ्यावे: एक किलो प्लॅस्टरला ७०० मिली पाणी, त्यातून साधारण लिटरभर मिश्रण मिळते. सहा इंची मूर्तीच्या दोन भागांच्या साच्याला मिळून चारेक किलो लागते. पाण्यात प्लॅस्टर भुरभुरवावे, प्लॅस्टरवर पाणी ओतू नये. दोन मिनिटे मुरू द्यावे, मग हात तळाशी ठेवून हलक्याने ढवळावे, फेटू नये. फेटले की बुडबुडे होतात आणि प्रत्येक बुडबुड्याचा खड्डा मूर्तीवर फोड होऊन उमटतो. घट्ट होताना ते चांगलेच तापते, म्हणून मुलांना त्यात हात रुतवून ‘हाताचा ठसा’ घेऊ देऊ नये. उरलेले सिंकमध्ये ओतू नये, ते पाण्याखालीही दगड होते.

मूळ मूर्ती शाडूची ओली असेल तर तिला तेल-साबण काही लागत नाही. ती मधल्या रेषेपर्यंत मातीत बसवावी, भोवती पुठ्ठ्याची भिंत उभारावी आणि सगळीकडे तीन सेंटिमीटर जाडी राहील असे ओतावे. जाडी कमीजास्त झाली की साचा पाणीही कमीजास्त ओढतो. पहिला भाग घट्ट झाल्यावर त्याच्या कडेवर चमच्याच्या टोकाने तीन-चार वाटोळे खळगे कोरावेत, म्हणजे दुसरा भाग तिथे अचूक बसतो. मग त्या कडेला साबणाच्या दाट पाण्याचे दोन-तीन हात द्यावेत. हे विसरले तर दोन्ही भाग कायमचे चिकटतात, पाचर मारूनही सुटत नाहीत. साबण कडेपुरताच. साच्याच्या आत व्हॅसलीन फासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने छिद्रे बुजतात आणि प्लॅस्टर वापरण्याचा फायदाच जातो.

सोंडेखालची आणि कानामागची पोकळी हा खरा अडथळा. असे अंडरकट, म्हणजे साच्यात अडकणाऱ्या खाचा, मातीने बुजवून घ्यावेत, नाहीतर सोंड आणि हात वेगळे करून नंतर जोडावेत.

लगद्यासाठी वर्तमानपत्र (क्षमस्व!) किंवा अंड्यांचे ट्रे. गुळगुळीत मासिकांचा कागद नीट भिजत नाही. रात्रभर भिजवून अर्धा तास उकळावे, मिक्सरमधून काढून घट्ट पिळावे. पिळलेल्या चार वाट्या लगद्याला एक वाटी खडूची भुकटी आणि अर्धी वाटी मैद्याची दाट खळ. भुकटीमुळे आटणे कमी होते. खळ वाढली की वाळायला उशीर आणि बुरशीला आमंत्रण, कमी पडली की कडा भुसभुशीत. खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, पण तांबे माशांना विषारी, त्यामुळे विसर्जनाच्या मूर्तीत ते नकोच. फेव्हिकॉलही टाळावा. त्याने मूर्ती टणक होते, पण पाण्यात सहजी विरघळत नाही. वाळलेला तुकडा रात्रभर बादलीत टाकून पाहिला की खात्री पटते.

साच्यात आधी टिश्यू पेपरचा एक थर नुसत्या पाण्याने बसवावा, खळ न लावता, म्हणजे मूर्ती चिकटत नाही. त्यावर लगद्याचा पाच-सहा मिलिमीटरचा थर अंगठ्याने दाबत न्यावा. काही तासांनी कडा साच्यापासून केसभर सुटलेली दिसते. तेव्हाच काढावे. दोन्ही भाग पंख्याखाली जाळीवर उलटसुलट ठेवावेत. ओव्हनमध्ये किंवा हीटरसमोर नाही: बाहेरचा पापुद्रा आधी आटतो आणि चेहरा वाकडा होतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करावे. सलग दोन दिवस आकडा तोच आला की वाळले. त्याआधी भाग जोडले तर आत कोंडलेला ओलावा मूर्ती आतून कुजवतो. तळाला भोक ठेवावेच.

साचाही दर वापरानंतर वाळवावा लागतो, आणि तोही आचेवर नाही. ५० अंशांच्या वर प्लॅस्टर भुगभुगीत होऊ लागते. नवा साचा पहिल्यांदा पुरता कोरडा व्हायला मुंबईच्या मे महिन्यातही आठवडा-दहा दिवस घेतो, जुलैत तर विचारू नका. म्हणून विनंती एवढीच, की पुढच्या वर्षी ही कृती प्रमाणांसह आणि एप्रिलमध्ये छापावी. गणपतीच्या तोंडावर छापलेली कृती वाचून वाचक साचा करायला बसला, तर त्याची मूर्ती चतुर्थीपर्यंत वाळणार नाही.

आपला,
एक हौशी शिल्पकार, लालबाग, मुंबई