रुळाचा खुंटा

नागपूर,
18 जानेवारी, रविवार

प्रिय अन्या,

आधी शिव्या देऊन घे. सात महिने झाले. तुझी दोन पत्रं आणि तो फाटकापाशी झेंडी घेऊन उभा असलेला फोटो माझ्या टेबलावर पडून आहे, आणि त्यावर माझ्या गोळ्यांची पाकिटं साचली आहेत. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे तुझ्या लग्नाच्या आधीपासून सांगतोय.

तब्येत बरी. साखर आहे तिथंच आहे, डावा डोळा झाला, उजवा मार्चमध्ये. थंडी यंदा चांगली पडली. पुढे.

तर झालंय असं. आपल्या गावी, दादाच्या कोठ्यात, रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा खुंटा म्हणून रोवलाय आणि त्याला पिंट्याचा गोऱ्हा बांधलाय. बस. हे मी सुनंदाला सांगितलं तर ती म्हणाली, "मग?" पोराला सांगितलं तर तो म्हणाला, "मजबूत असेल." आता उरलास तू.

गार्डसाहेब तुला आठवतात का? उंच, पान खाणारे, तुझ्या बाबांना ब्रेकव्हॅनमधून ओरडून रामराम घालायचे. ते आता आमच्या सकाळच्या फिरण्यात आहेत, अंबाझरीवर. वय ऐंशीच्या घरात, पण चालताना आम्हाला मागे टाकतात आणि मग वळून शिट्टी मारतात. 2019 च्या नोव्हेंबरात छोटी लाईन बंद झाली तेव्हापासून या माणसाला दुसरा विषय नाही. इतवारी ते नागभीड, 106 किलोमीटर, मधलं एकेक नाव ते जप केल्यासारखं म्हणतात. कुही आलं की थांबतात, उमरेडला पाणी पितात, भिवापूरला नाक पुसतात. ते का ते तुला कळेल. मिरचीच्या दिवसांत आपल्या डब्यात तिकीट तपासनीस पायच ठेवायचा नाही, आणि तू त्या भरवशावर अख्खं अकरावीचं वर्ष फुकट प्रवास केलास. फाटकवाल्याचा पोरगा! बाबांना कळलं असतं तर त्यांनी तुला रुळाला बांधलं असतं.

असो. मोठ्या लाईनचं काम सुरू झालं आणि एक गोष्ट झाली, ती तुला मी कधी लिहिली नाही. आपली गाडी अडीच फुटांवर चालायची, तिला कसंही वळता यायचं. नाला आला, वळली. टेकाड आलं, वळली. कोणाच्या आजोबानं आंबा तोडू दिला नाही, तर तिथंही वळली असेल. साडेपाच फुटांच्या ब्रॉडगेजला ते जमत नाही. तिला लांबलचक, संथ वळण लागतं. त्यामुळे आपल्या फाटकापुढचं ते मोठं वळण, जिथं आपण पैसे रुळावर ठेवायचो, ते नव्या लाईननं सोडून दिलं. रूळ उचलून नेले, पट्टा तसाच राहिला. साधारण दीड किलोमीटर, भरावासकट, गिट्टीसकट.

गार्डसाहेबांना हा पट्टा सापडला आणि म्हातारा पेटला. त्यांचं म्हणणं असं की मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात 2002 पासून इंजिनं उभी आहेत, डबे आहेत, पोरांसाठी बागेत एक छोटी गाडी गोल गोल फिरते. "गोल फिरते तो पाळना झाला," ते म्हणतात, "गाडी कुठंतरी पोचली पाहिजे ना बावा." म्हणून एक इंजिन आणि तीन डबे मागायचे, आधी आपल्या वळणावर चालवायचे, मग तिथून हळूहळू उमरेडच्या वेशीपर्यंत रूळ न्यायचे. कऱ्हांडल्याच्या अभयारण्यात वाघ बघायला येणारी माणसं बसतील. मी म्हटलं, वाघ तरी कुठं आहे, तिथला तो नावाजलेला वाघ जय 2016 पासून बेपत्ता आहे. ते म्हणाले, "आपली गाडी तरी त्याच्यानंतर गेली, तिचा पत्ता तर मालूम आहे."

आणि या सगळ्याला तेल कोणी घातलं? तू. तुझं जूनमधलं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. (तुझं अक्षर त्यांना लागेना. माझी मोडी बरी, म्हणाले.) इंग्लंडातल्या टेंटरडेनची तुझी ती गाडी, 1900 साली सुरू झालेली, 1954 मध्ये माणसांसाठी आणि 1961 मध्ये मालासाठी बंद पडलेली. मग हौशी लोकांनी 1974 मध्ये थोडी चालवली, रूळ पुढं पुढं नेत 2000 साली त्या बोडियमच्या किल्ल्यापर्यंत पोचले, आणि आता उरलेला तुकडा जोडून रॉबर्ट्सब्रिज गावात, लंडनच्या मोठ्या लाईनपर्यंत जायचं म्हणतात. पूर्वी लंडनची माणसं हॉप्स, म्हणजे बिअरमध्ये घालतात ती फुलं, तोडायला याच गाडीनं यायची, हे वाचल्यावर तर गार्डसाहेब उठूनच बसले. "म्हंजे तिकडची भिवापुरी!" त्यांनी तुझ्या पत्राची झेरॉक्स काढली. गाडी मागायच्या निवेदनाला जोडपत्र क्रमांक तीन म्हणून लावली आहे. तेव्हा इथून पुढे जपून लिहीत जा.

आता त्या पत्रात तू शेतकऱ्यांबद्दल जे लिहिलंस ते तुला आठवतं का? मधल्या शेतवाल्यांनी विरोध केला, प्रकरण सरकारी चौकशीपर्यंत गेलं, 2023 मध्ये परवानगी मिळाली तरी ते कुरकुरतात. आणि तुझं वाक्य असं की लोक दुसऱ्याच्या वाटेवर पेरतात आणि पुढे तीच बापाची जहागीर सांगतात. हे वाक्य मी मोठ्यानं वाचलं. गार्डसाहेबांनी मांडीवर थाप मारली. मीही हसलो. तोवर मला काही माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर माहीत होतं, पण आठवत नव्हतं.

नाताळच्या आठवड्यात गार्डसाहेब मला घेऊन गेले पट्टा बघायला. एकतीस वर्षं मोजणीत घालवलेला माणूस सोबत असलेला बरा, असं त्यांचं मत. फाटकाची खोली पडली आहे. तुझ्या आईचा तुळशीचा ओटा अजून आहे, तुळस नाही. तिथून आम्ही पट्ट्यावर चढलो, आणि पट्टा नव्हताच. तूर होती, अन्या. डोक्याइतकी उंच, शेंगांनी वाकलेली. वळण दिसत होतं, पण तुरीचं वळण. पाय ठेवला की खाली गिट्टी वाजायची, तेवढीच ओळख. गार्डसाहेब पावलं मोजत पुढं चालले होते, इथं होम सिग्नल, इथं गाडीचा वेग कमी करायचा. मधेच थांबून शेंगा सोलून खायला लागले. म्हणाले, "तूर मस्त हाय. कोनाची हाय?"

मी म्हणालो, "असेल कोणाची."

माझ्या सख्ख्या पुतण्याची तूर. धुऱ्यावरचा चिंचेचा बुंधा दिसत होता तिथून.

चहाला घरी जाणं भाग होतं. वहिनी ओसरीवर गार्डसाहेबांशी बोलत बसल्या आणि मी मागे कोठ्याकडे गेलो. तिथं तो खुंटा. मी रूळ ओळखतो म्हणजे काय, त्याच रुळाला साखळी लावून मी धाकट्या पाटलांच्या भांडणात दादाचं शेत मोजलं होतं. रेल्वेच्या हद्दीची खूण होती ती, रुळाचा उभा तुकडा, वरच्या टोकाला पांढरा रंग. रंगाचा एक पोपडा अजून होता. त्याच्यावर गोऱ्हा मान घासत होता.

पिंट्याला ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार कशाच्या बळावर? लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला होता. "काकाजी, ते रिकामं पडून आहे, वाहून घेऊ का?" आणि मी, ज्यानं अतिक्रमणाच्या मोजण्या करून लोकांच्या भिंती पाडायला लावल्या, मी म्हणालो, "सध्या तिकडं कोण बघायला येतंय." नोकरीत हे वाक्य मी शेकडो तोंडांतून ऐकलं आणि दर वेळी मनात त्या माणसाला चोर म्हणालो.

बरं, पिंट्या काही लबाड नाही. तीन एकर, त्यात सोयाबीनचा भाव तुला कोणी सांगत नसेल तर मी सांगत नाही. पोरगी नर्सिंगला आहे. त्या पट्ट्यावर जेसीबी लावून त्यानं काळी माती पसरली, ती उसनवारीवर. निचरा चांगला, म्हणून तूर अशी येते. तिची चार पोती म्हणजे पोरीचं एक सत्र.

आणि मला सगळ्यात जास्त काय खटकतं सांगू? तुझ्या त्या इंग्लंडातल्या शेतकऱ्यांना तू शिव्या देतोस, पण त्यांच्याकडे कागद आहे. लाईन बंद पडल्यावर जमीन विकली गेली, त्यांनी किंवा त्यांच्या बापानं ती पैसे मोजून घेतली. ते भांडतात ते स्वतःच्या जमिनीसाठी. आमच्याकडे 7/12 ला रेल्वे आहे, आजही. म्हणजे तू ज्यांना चोर म्हणतोस ते साव आहेत, आणि मी, ज्याला तू निवेदनातला सज्जन समजतोस, तो नाही. तुझं वाक्य आमच्यासाठी जास्त शोभतं. जोडपत्रातून काढून टाका, असं गार्डसाहेबांना कसं सांगू?

निवेदन माझ्याकडे आहे. पहिली सही माझी हवी, कारण मी "खात्यातला माणूस". टेबलाच्या खणात ठेवलंय, रोज एकदा काढतो, पुन्हा ठेवतो. सही केली तर मोजणी येईल, मोजणीवाला माझ्याच हाताखाली शिकलेला असेल, तो पहिल्यांदा हद्दीची खूण विचारेल. नाही केली तर गार्डसाहेब काही म्हणणार नाहीत. ते फक्त माझ्यासोबत चालायचे थांबतील.

आणि मला स्वतःला ती गाडी हवी आहे का, तेही नीट कळत नाही. तू टेंटरडेनमध्ये शनिवारी झेंडी दाखवतोस तेव्हा तुला बाबा दिसतात, हे मी समजू शकतो. पण गाडी चालू होती तेव्हा शेवटची वीस वर्षं मी उमरेडला एसटीनंच गेलो रे. आपलं भांडण आठव. तू म्हणायचास गाडीनंच जायचं, मी म्हणायचो वेळ जातो. परीक्षेच्या दिवशी मी एसटीनं पोचलो आणि तू भिवापूरच्या मिरचीत शिंकत राहिलास, पेपर अर्धा झाल्यावर आलास. तू चार महिने बोलला नाहीस. मला अजूनही वाटतं चूक तुझी होती.

एक मात्र माझी होती. आमच्या बैलबंडीनं फाटक मोडलं त्या रात्रीचं. तुझ्या बाबांची वेतनवाढ अडली, तुझ्या आईनं आमच्या घरचं ताक घेणं बंद केलं, आणि सगळं दादाच्या नावावर गेलं, तोही काही बोलला नाही. अन्या, दादा मागे झोपला होता. कासरा माझ्या हातात होता. फाटक पडताना दिसत होतं, मला वाटलं निघून जाईल. दादा गेल्यावर सांगीन म्हणालो होतो, त्याला आता नऊ वर्षं झाली.

हे आता का लिहितोय, विचारू नकोस. त्या कोठ्यात उभा असताना तेच डोळ्यांसमोर आलं.

तुझं कसं चाललंय? वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का की अजून तारीखच मिळते आहे? नातीचा फोटो पाहिला, नाक अगदी तुझं, बिचारी. ए-21 हायवेवर खरंच नवं फाटक होणार का? झालं तर त्यावर नोकरी माग, वंशपरंपरेनं.

आणि एक काम कर. तुमच्याकडचा एखादा शेतवाला ओळखीचा असेल तर त्याच्याशी भांडण न करता जरा बोल. लाईनवाले त्याला काय देतात, पिकाचं काय देतात, शेतातून पलीकडे जायला वाट ठेवतात का, एवढं नीट विचारून घे. पिंट्यापुढे मला काहीतरी घेऊन जायचंय. नुसता खुंटा उपट म्हणायला मला जीभ रेटत नाही.

गार्डसाहेब पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी निवेदन घ्यायला येणार आहेत. त्याच्या आधी फोन कर. आमच्या संध्याकाळी कर, सुनंदा तेव्हा भजनाला जाते. आणि या वेळी मला बोलू दे.

तुझा,
बाळ्या

ता. क. मिरची पाठवतोय, भिवापुरीच आहे. डबा उघडताना खिडकी उघडी ठेव.