फवारणीची विषबाधा: चार दिवस रुग्णाला सोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठी वेली छाटण्याचे काम) तोंडावर आली आहे. बागांमध्ये पंप आणि ब्लोअर पुन्हा सुरू होण्याआधी हे पत्र छापावे, ही कळकळीची विनंती.

गेल्या हंगामात माझा धाकटा भाऊ मिलीबगसाठी (पिठ्या ढेकणासाठी) कीटकनाशकाने द्राक्षाची खोडे धूत होता. पाठीवरचा पंप गळत होता. त्याने हात-तोंड धुतले, पण भिजलेला शर्ट संध्याकाळपर्यंत अंगावरच राहिला. रात्री दरदरून घाम, तोंडाला लाळ, उलट्या; डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. जवळच्या एका दवाखान्यात अॅट्रोपिन दिल्यावर लाळ आटली, छाती मोकळी झाली. ‘विष उतरले’ म्हणून दुसऱ्या दिवशी घरी सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला उशीवरून मान उचलता येईना. दुपारी श्वास तुटू लागला. नाशिकला आणले, नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होता. वाचला.

फवारणीची ही कीटकनाशके ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातली. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशकच शोधत होते आणि हाती लागला टाबुन हा युद्धातला विषारी पदार्थ. पाठोपाठ १९३८ मध्ये सारिन. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत सोडले ते हेच. नसेने स्नायूला धाडलेला निरोप कोलिनेस्टरेज नावाचे एन्झाइम लगेच पुसून टाकते. हे विष त्या एन्झाइमलाच चिकटते. मग निरोप पुसला जात नाही आणि स्नायू थकून लुळे पडतात.

सारिन रक्तातून काही मिनिटांत नाहीसे होते, त्याचे अवशेष लघवीवाटे जातात. आपल्या बागेतल्या औषधांचे तसे नाही. ती कातडीतून आत शिरतात, काही चरबीत मुरतात आणि तिथून हळूहळू पुन्हा रक्तात उतरतात. यातल्या अनेकांना यकृत आधी जास्त जहाल बनवते आणि मगच त्यांचे तुकडे करते. चिकटलेले एन्झाइम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत कायमचे निकामी होते. त्यानंतर ‘पाम’चे, म्हणजे एन्झाइमला विषापासून सोडवणाऱ्या उताऱ्याचे, इंजेक्शन देऊन उपयोग नसतो. तांबड्या पेशींतले एन्झाइम नव्या पेशींबरोबरच भरून येते, दिवसाला साधारण १ टक्का. अॅट्रोपिनने लाळ आणि घाम थांबतो, स्नायूंना बळ येत नाही. म्हणून २४ ते ९६ तासांत मान आणि श्वास जाण्याचा धोका राहतो. हे आम्हाला भाऊ अतिदक्षता विभागात गेल्यावर कळले.

२०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करणारे मजूर दगावले, तेव्हा राज्यभर हळहळ झाली. नाशिक जिल्ह्यात एवढे तरी व्हावे: अशा रुग्णाला चार दिवस दवाखान्यातच ठेवावे आणि रोज मान उचलायला सांगून पाहावे. कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी ग्रामीण रुग्णालयात मिळावी. फवारणाऱ्याची एक तपासणी हंगामाआधी झालेली असावी, म्हणजे नंतरचा आकडा कशाशी तरी ताडून पाहता येईल. आम्ही बागाईतदारांनीही गळका पंप मजुराच्या पाठीवर देऊ नये आणि भिजलेले कपडे तिथेच उतरवून साबणाने अंघोळ करायला लावावी.

माझ्या भावाजवळ घरची माणसे होती, दारात गाडी होती. पेठ-सुरगाण्याहून आलेला मजूर दुसऱ्या दिवशी बरे वाटले की पाड्यावर परततो. तिसऱ्या दिवशी सकाळी तो तिथे असतो.

आपला,
एक द्राक्ष बागाईतदार, ता. निफाड, जि. नाशिक