तांब्याचा तळ आणि पन्नास रुपये

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या शाळेतलं चित्रकलेचं पद ३१ मेला निवृत्तीमुळे रिकामं झालं. शाळा उघडायच्या आत भरू, असं वरून तोंडी सांगितलं होतं. शाळा उघडली आणि कागद आला, की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून ठरणाऱ्या मंजूर पदांच्या हिशेबात, पद बसत नाही. सातवीचा एक तास लगेच गणिताने घेतला, उरलेल्यांवर अतिथी निदेशक, म्हणजे तासावर शिकवणारी, म्हणून मी. आपण कामात असता, तेव्हा थोडक्यात लिहावं असं ठरवलं होतं. जमेलसं वाटत नाही.

सातवीतल्या मुलासमोर तांब्या ठेवून बघा. तोंड तो लंबवर्तुळाकार काढतो, पण दोन्ही बाजूंना लिंबासारखी टोकं येतात. तळाला मात्र पट्टी लावून सरळ रेघ, कारण तांब्या टेबलावर सपाट बसलाय हे त्याला ठाऊक आहे. ठाऊक आहे ते काढतो, दिसतंय ते काढत नाही. खरं तर तोंड डोळ्याच्या पातळीजवळ असतं म्हणून चपटं दिसतं, तळ त्याहून खाली म्हणून त्याची पुढची कड जास्त गोलाई घेते. हे फळ्यावर समजावून उतरत नाही. शेजारी बसायचं, हात ताठ करून एक डोळा मिटायला लावायचं, तोंडाची रुंदी पेन्सिलीवर अंगठ्याने धरायची आणि तेच माप उंचीला लावून बघायचं. कोपर वाकलं की माप बिघडलं. एकदा दिसलं की मूल आपणहून खोडरबर उचलतं. याला एका मुलामागे चार मिनिटं तरी लागतात. आणि पहिल्या बाकावरून दिसणारा तांब्या शेवटच्या बाकावरून तसा दिसत नाही, म्हणून एका वर्गाला एक मांडणी पुरत नाही, निदान चार लागतात. चार तांबे मी घरून आणते. भाजीची वेळ असेल तर वांगी, सिमला मिरचीही.

आता हिशेब. तुकडीत ६२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. हजेरी, कागदवाटप, आवराआवर यात दहा गेली. उरलेल्या २५ मिनिटांत एका मुलाच्या वाट्याला २४ सेकंद. तासाचे ५० रुपये, हा २०१५च्या शासन निर्णयातला दर, म्हणजे मुलामागे ८० पैसे. पन्नास रुपयांत केस न गळणारा आठ नंबरचा गोल ब्रशही येत नाही, साहेब. तो निर्णय आपण काढला नाही म्हणाल. फाइल तर आपल्याच खात्याची आहे ना?

जलरंगाची गोष्ट आणखी वेगळी. प्रत्येकाला पाण्याची दोन भांडी लागतात, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. भांड्यात पावशेर पाणी धरलं तर वर्गाला ३० लिटर, आणि अर्ध्या तासात एकदा तरी बदलायला हवं. नळ मैदानाच्या त्या टोकाला. म्हणून मुलं एकाच भांड्यात तेच तेच पाणी वापरतात आणि पिवळा लावला की शेवाळी उमटतो. मग पालक म्हणतात, ‘रंगसंगती कळत नाही याला.’ रंगसंगती कळते, पाणी गढूळ आहे! कागदाचंही तेच. वहीच्या पातळ कागदावर पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, दिला की तो पापडासारखा फुगतो, खळग्यात रंग साचतो. मूल घाईने ओल्यावरच पुन्हा ब्रश फिरवतं आणि कागदाचा लगदा निघतो. कार्ट्रिज म्हणजे जाड चित्रकागद, त्याच्या एका मोठ्या (इम्पिरियल) शीटचे चार तुकडे होतात. वर्षाला ३० चित्रं म्हणजे मुलामागे साडेसात शीट. आमच्याकडे एक शीट १५ रुपयांना धरा, वर्गाचे सात हजारही होत नाहीत. एका स्वागत कमानीचं बिल किती होतं ते मला माहीत नाही, पण अंदाज आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलंय की सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर कला शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असावा. २००९चा कायदा. कायद्याने जिला अर्धवेळ म्हटलं तिला आपण तासावर आणलं, आणि वर २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला सगळ्या विषयांत मिसळायची ठरवली. मिसळली की! विज्ञानात बेडकाची आकृती काढली की ‘कला समाकलन’ रकान्यात बरोबरची खूण.

इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेतल्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे बाहेरच्या क्लासांचं बरं चाललंय. स्मरणचित्रासाठी, म्हणजे दिलेला विषय आठवून काढायच्या चित्रासाठी, ते एकच बाई पाठ करून घेतात, डोक्यावर टोपली, पाठमोरी, कारण पाठमोरीला चेहरा काढावा लागत नाही. विषय बाजार असो, नदीघाट असो, बाई तीच. मुलाने बाजार कधी नीट पाहिला की नाही, हे कोणी विचारत नाही. गुण मिळतात, मग कोण कशाला बोलेल?

आणि कला शिक्षक नकोच असं म्हणायचीही सोय नाही. साहेब भेटीला येणार म्हटलं की फलकलेखनाला, दारातल्या रांगोळीला, मतदान जागृतीच्या पोस्टरला आम्हीच लागतो. त्या दिवशी गणिताचा तास चित्रकलेला मिळतो. फोटो काढून वर पाठवायचे, खालून कोणी काही पाठवलं तर मात्र पोच नाही. पदासाठी दिलेल्या अर्जाला अजून पोच मिळालेली नाही.

मागणं फार नाही. पद भरेपर्यंत आठवड्यात ७० मिनिटांचा एक जोडतास द्या, वर्गाची निम्मी मुलं एका वेळी. कार्ट्रिज कागद जूनमध्ये द्या, मार्चमध्ये नको, मार्चमध्ये आलेला कागद खर्च दाखवायला येतो. आणि वर्गाच्या जवळ एक नळ. पुढच्या सोमवारी सातवी ‘ब’ चा जलरंगाचा तास आहे. पाणी कुठून आणायचं, तेवढं कळवावं.

आपली,
एक अतिथी निदेशक (चित्रकला)